खिडकीकडचा कोपरा

१

तुम्ही पाच जणांनी त्या अहवालावर सही केलीत, आणि तुम्ही पाचही जण खोटं बोललात. चुकून नाही. पंख्याखाली बसून, चहाचे कप बाजूला सरकवून, शांतपणे खोटं बोललात. तुमच्यातला एकही जण आयुष्यात कधी पाठीवर पडलेला नाही, आणि मान मोडलेल्या पोरीला तुम्ही सांगता की ती चुकीची पडली.

हे शब्द रणगाडा अकरा दिवस मनात घोळवत होता. अकरा दिवस तो कुस्ती महासंघाच्या कचेरीबाहेरच्या बाकावर येऊन बसत होता. रोज एक शिपाई यायचा आणि म्हणायचा, "साहेब मीटिंगमध्ये आहेत, दादा." बाक त्याच्या वजनाने कुरकुरायचा. त्या इमारतीत त्याच्या बाजूने कुरकुरणारी तेवढी एकच वस्तू होती.

रणगाडा हे त्याचं रिंगमधलं नाव. बावीस वर्षं तो व्यावसायिक कुस्ती खेळला. या कुस्तीत कोण जिंकणार हे आधी ठरलेलं असतं, पण पडणं खरं असतं. तो कायम खलनायक. लोकांनी त्याला शिव्या घातल्या, बाटल्या मारल्या, आणि त्यावर त्याचं घर चाललं. मानेचे दोन मणके कामातून गेल्यावर त्याने माईक धरला. गेली नऊ वर्षं तो समालोचक होता. पूर्वी ज्यांनी बाटल्या मारल्या, त्यांचीच पोरं आता शाळेच्या पटांगणात त्याच्या आवाजाची नक्कल करत.

अपघात महासंघाच्याच हॉलमध्ये, सरावाच्या सामन्यात झाला होता. प्रेक्षक नाहीत, जाहिरातींचे फलक नाहीत, दोघंही साध्या काळ्या कपड्यांत. एका बाजूला बुलडोझर, दुसऱ्या बाजूला चिमणी. चिमणी म्हणजे रणगाड्याची शेवटची चेली, वजनाने हलकी आणि उडीला बेफाम. ती कोपऱ्यातल्या खांबावर चढली, खांब हलला, उडी अर्ध्यात फसली आणि ती रिंगच्या मधोमध मानेवर आली. खांब का हलला? त्याच्या बुडाची फळी तडकलेली होती म्हणून. कोणता कोपरा? खिडकीकडचा. रणगाडा टेबलाशी बसून समालोचनाची तालीम करत होता. त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

चौकशीत मात्र त्याला चित्रण दाखवलं गेलं. छताला टांगलेल्या कॅमेऱ्याचं, चाळीस सेकंदांचं. त्यात फक्त रिंगचा चौकोन दिसतो आणि खाली समालोचकांच्या टेबलाची कड. टेबलाच्या डाव्या हाताला खिडक्या, उजव्या हाताला दार. पण दोन्ही चित्रात येत नाहीत. बुलडोझर चिमणीचा उजवा हात पिळतो, ती सुटते, दोरांवर आपटून परत येते, त्याला पाडते आणि कोपऱ्याकडे धावते. उजवीकडच्या. दाराकडच्या.

"दाराकडचा कोपरा आम्ही तपासलाय," पाच जणांच्या चौकशी समितीचे अध्यक्ष म्हणाले. "फळ्या ठणठणीत आहेत. दोष खेळाडूचा."

"साहेब, खिडकीकडचा कोपरा होता."

"चित्रण काय सांगतंय?"

"आवाज लावा ना. मी बोलत होतो. मी कोपऱ्याचं नाव घेतलं असणार."

"त्या दिवशी आवाजाची तार लावायची राहिली होती. आवाज मुद्रित झालेलाच नाही." अध्यक्षांनी चष्मा काढला. "रणगाडा, डोक्याला आजवर किती वेळा मार बसलाय तुमच्या?"

"मोजलं नाही."

"मोजता येत नाही की आठवत नाही?"

पाचही जण हसले. रणगाड्याचं घोडं नेमकं तिथेच अडत होतं. तो खरंच विसरायचा. मागच्याच महिन्यात थेट प्रक्षेपणात त्याला विजेत्याचं नाव आठवलं नव्हतं. हल्ली तो खेळाडूंची नावं तळहातावर पेनाने लिहून नेत असे. त्या दिवशी जिना उतरताना त्याला पहिल्यांदा स्वतःचीच भीती वाटली. खिडकीकडचा कोपरा त्याने पाहिला होता, की नुसता पाहिल्यासारखा वाटत होता?

२

चिमणीला दुसरं ऑपरेशन हवं होतं, पुढच्या आठवड्यातल्या बुधवारच्या आत. नाहीतर पायांतली ताकद परत येणार नाही, असं डॉक्टरांनी तिच्या आईला तोंडावर सांगितलं होतं. महासंघाच्या मंजुरीशिवाय त्यांच्या रुग्णालयात ऑपरेशन होणार नव्हतं, आणि दोष खेळाडूचा असेल तर मंजुरी नाही. नियम साधा होता. नियम लिहिणाऱ्यांच्या पोरी रिंगमध्ये उतरत नाहीत, तेव्हा नियम असेच साधे होतात.

रणगाडा आधी मिस्त्रीकडे गेला. रिंग उभी करणं आणि मोडणं हे मिस्त्रीचं काम. तो गोदामात खांबांना तेल लावत बसला होता.

"खिडकीकडची फळी तडकलेली होती?"

"होती. मी वर दोनदा सांगितलं होतं."

"लेखी?"

"दादा, आपल्यात कोण लिहितं? जिन्यात भेटले, सांगितलं. 'बघू' म्हणाले." मिस्त्रीने फडकं आपटलं. "पण आता ओरडून फायदा काय? पोरगी दाराकडून पडली म्हणतात. मग माझी तडकलेली फळी कोण विचारतो?"

"कुठाय ती फळी?"

"कुठे असणार? रिंग मोडली, फळ्या स्टेडियमवर गेल्या. शनिवारच्या सामन्याला तीच रिंग. नवी फळी आली नाही. 'एवढा शनिवार काढा' असा निरोप आलाय."

रणगाड्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्याच वेळी दुसरा एक विचारही आला. पोरगी दाराकडून पडली, तर सगळ्यात जास्त सुटका कोणाची होते? फळी बसवणाऱ्याची.

मग तो पंचाकडे गेला. पंच पूर्वी कुस्तीगीर होता, गुडघा गेल्यावर त्याने शिट्टी धरली. अध्यक्ष त्याचे सख्खे साडू. तो दारातच उभा राहून बोलला, आत ये म्हणाला नाही.

"मी पाठमोरा होतो."

"रिंगमध्ये दोन माणसं, आणि तू पंच. पाठमोरा होऊन काय भिंतीला गुण देत होतास?"

"दादा, माझ्या घरात लहान लेकरं आहेत."

"चिमणीच्या आईच्या घरात पण एक आहे. ते आता अंथरुणातून उठत नाही."

पंचाने दार लावून घेतलं.

राहिला बुलडोझर. नावाने बुलडोझर, एरवी डोळ्यांतून पाणी काढायला त्याला निमित्त लागत नसे. चिमणीने उडी मारली तेव्हा तो बेशुद्ध पडल्याचं नाटक करत डोळे मिटून पडला होता. "कोपरा कोणता ते देवाशपथ माहीत नाही, दादा. मी आडवा होतो. माझ्यामुळेच झालं असेल का हो?" हे तो दिवसातून दहा जणांना विचारायचा आणि रोज रुग्णालयाच्या व्हरांड्यात जाऊन बसायचा. आत जायची त्याची छाती होत नव्हती.

संध्याकाळी रणगाड्याने सहकाऱ्याला फोन लावला. त्याला सगळे रेडिओ म्हणत. पूर्वी तो बातम्या वाचायचा. गेली आठ वर्षं तो रणगाड्याच्या शेजारच्या खुर्चीत बसून समालोचन करत होता. आवाज लोण्यासारखा, मराठी अशी की ऐकणाऱ्याने पाट मांडावा. रिंगमध्ये मात्र तो कधी पाऊलही ठेवत नसे. गुडघे दुखतात म्हणायचा.

"दादा, मी मान खाली घालून कागद वाचत होतो," रेडिओ हळुवारपणे म्हणाला. "तुमचा शब्द मी खोटा म्हणत नाही. पण कॅमेरा कशाला खोटं बोलेल? तुम्ही जरा विश्रांती घ्या. हल्ली तुमची धावपळ फार होते."

त्याच्या बोलण्यात इतकी माया होती की रणगाड्याने फोन ठेवला आणि तळहातावर चिमणीचं नाव लिहिलेलं आहे ना, ते पाहिलं. ते तिथे नव्हतं. तिचं नाव लिहायची गरज त्याला कधी पडलीच नव्हती.

३

कारकूनबाई महासंघात सत्तावीस वर्षं होत्या आणि त्यांना कोणीच घाबरवू शकत नव्हतं, कारण पुढच्या महिन्यात त्या निवृत्त होत होत्या.

"कॅमेऱ्याच्या खोलीची किल्ली माझ्याकडे असते," त्या म्हणाल्या. "अपघातानंतर चित्रण समितीकडे जायच्या आधी तिघांनी किल्ली नेली. वही बघा. मिस्त्रीने लिहिलंय, 'वायर परत घेण्यासाठी'. पंचाने लिहिलंय, 'कोट राहिला'. रेडिओभाऊंनी लिहिलंय, 'तालमीचा आवाज नेण्यासाठी'. आणि अक्षर बघा एकेकाचं. एक पंच सोडला तर दोघांचं कोंबडीचे पाय."

"चित्रण मला परत बघायला मिळेल?"

"अर्ज करा. तीन आठवडे लागतील." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "नाहीतर उद्या दीडला या. साहेब जेवायला जातात आणि मला दम्यामुळे बाहेर गॅलरीत उभं राहावं लागतं. खोली उघडीच असते."

दुसऱ्या दिवशी दीड वाजायच्या आधी तो रुग्णालयात गेला. चिमणीच्या गळ्याला पट्टा होता, डोळे छताला. आई उशाशी बसून फाटलेल्या उशीच्या खोळीला टाके घालत होती.

"दादा," चिमणी म्हणाली, "त्या दिवसाचं मला काहीच आठवत नाही. तुम्ही सांगा ना. कॉमेंट्रीसारखं सांगा."

"बरी आहेस का? इथे कॉमेंट्री?"

"मग काय, शेजारच्या खाटेवरची मावशी रोज तिच्या पित्ताची कॉमेंट्री देते. ती ऐकूनच मी उठून पळणार आहे बघा."

आई हसली आणि लगेच तोंड फिरवलं.

रणगाडा उभा राहिला. नुसतं बोलून जमेना, म्हणून त्याने व्हरांड्यातून बुलडोझरला दंडाला धरून आत आणलं. "मी चिमणी. तू तूच. सुरुवातीची पकड घे."

बुलडोझरने खाटेकडे न बघता पुढे होऊन रणगाड्याचा हात धरला आणि अलगद पिळला. डावा हात.

रणगाड्याने धरलेल्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाला, "सोड. उजवा घे."

"उजवा?"

"हो, उजवा."

बुलडोझरने पाय बदलले, परत बदलले, स्वतःच्याच पायात पाय अडकून खाटेच्या दांडीवर गेला. "दादा, उजवा कसा घेऊ? मला कोणी शिकवलंच नाही. कोणालाच शिकवत नाहीत. तुम्हीच तर पहिल्या आठवड्यात पट्टीने मारलं होतं मला, उजवा धरला म्हणून."

खाटेवरून चिमणी हळूच म्हणाली, "पकड कायम डावीकडे. अनोळखी गावात, अनोळखी माणसासमोर उतरलो तरी समोरचा डावाच हात धरणार हे माहीत असतं. म्हणून हाडं शाबूत राहतात. मला कालची तारीख सांगता येत नाही, पण हे येतं."

रणगाडा दाराबाहेर पडला तेव्हा एक वाजून दहा मिनिटं झाली होती. समितीच्या चित्रणात बुलडोझर उजवा हात पिळत होता.

४

दीडला कारकूनबाई खोकत गॅलरीत गेल्या. रणगाड्याने चित्रण लावलं. चौकशीत त्याची नजर फक्त कोपऱ्यावर होती. या वेळी त्याने कोपऱ्याकडे पाहिलंच नाही, फक्त हात मोजले. चाळीस सेकंदांत पाच पकडी. पाचही उजव्या.

म्हणजे कॅमेऱ्याने जे टिपलं ते कोणीतरी आरशात पाहावं तसं डावं-उजवं फिरवलं होतं. खिडकीकडचा कोपरा दाराकडे गेला. चौकशी धडधाकट फळ्यांची झाली, आणि तडकलेली फळी स्टेडियमवर जाऊन बसली. डोकं बावीस वर्षं मार खाऊन दगा देत होतं, पण अंगवळणी पडलेलं अंगातून गेलं नव्हतं.

पण फिरवलं कोणी? तिघांनी किल्ली नेली होती. त्याने तिघांनाही दुसऱ्या दिवशी दीड वाजता बोलावलं, एकेकाला, दहा-दहा मिनिटांच्या अंतराने. काही सांगितलं नाही. फक्त चित्रण लावलं आणि माणसाच्या तोंडाकडे बघत बसला.

मिस्त्री पहिला. तोही तारुण्यात चार वर्षं रिंगमध्ये होता. तीन सेकंद झाली असतील. "हे काय रे, उलटं लावलंय?" तो म्हणाला. "बुलडोझर कधीपासून डावखुऱ्यासारखा खेळायला लागला?" मग त्याच्या लक्षात आलं, आणि त्याने जी शिवी दिली ती ऐकून गॅलरीतला खोकला थांबला.

पंच दुसरा. पहिली पकड पाहिली आणि त्याने डोळे मिटून घेतले. चित्रण संपल्यावरच उघडले.

रेडिओ तिसरा. त्याने चाळीसही सेकंद नीट, मन लावून पाहिली.

"काय दिसतं?" रणगाड्याने विचारलं.

"दादा, वाईट वाटतं. पण चिमणीची चूक स्पष्ट आहे. पाय घसरलाय."

"बाकी काही वेगळं?"

"वेगळं काय असणार? सामना जसा झाला तसाच दिसतोय."

रणगाड्याने पडदा बंद केला. "आठ वर्षं माझ्या शेजारी बसून तू पकडींची नावं वाचलीस, पण कोणता हात धरतात ते एकदाही बघितलं नाहीस. हे ज्याने फिरवलं, त्याने फिरवल्यावर एकदा पाहिलं असणार, आणि त्याला ते ठीक वाटलं असणार. रिंगमधून आलेल्या माणसाला हे ठीक वाटूच शकत नाही. मिस्त्रीला तीन सेकंद लागली. पंचाला तेवढीही नाही. आणि अजून एक सांग. त्या दिवशी आवाज मुद्रितच झाला नव्हता म्हणतात. मग तू वहीत लिहून तालमीचा आवाज न्यायला कशाला गेला होतास?"

रेडिओने घसा साफ केला. लोण्यासारखा आवाज पहिल्यांदाच खरखरीत निघाला.

"एक बटण दाबलं मी. आणि आवाज पुसला. बस्स."

"मूळ चित्रण?"

"तेही पुसलं."

"का?"

"फोन आला होता. म्हणाले, फळीचं प्रकरण बाहेर आलं तर हंगाम बंद पडेल, सगळे घरी बसतील. आणि म्हणाले, खुर्ची पुढे मला एकट्याला." रेडिओने वर पाहिलं. आता त्याला राग आला होता, आणि तो राग खोटा नव्हता. "आठ वर्षं, दादा. तुम्ही नाव विसरता, मी भरतो. तुम्ही अडखळता, मी सावरतो. टाळ्या तुम्हाला. मला कोणी कधी विचारलं?"

"मला विचारायचं होतंस. मी उठलो असतो खुर्चीवरून. पोरीची मान कशाला?"

रेडिओने नजर बंद पडद्याकडे वळवली.

"फोन कोणाचा होता?"

"नाव सांगितलं नाही. पण अहवालात काय येणार ते त्या माणसाला तेव्हाच पाठ होतं. समिती नेमायच्या आदल्या दिवशी."

५

शुक्रवारी समितीने त्याला अकरा मिनिटं दिली. त्याने बुलडोझरला नेलं, मिस्त्रीला नेलं, तिथेच टेबलं सरकवून पकडी दाखवल्या. कारकूनबाईंनी वही आणून ठेवली.

अध्यक्षांनी वही उघडलीही नाही. "पकड डावीकडेच घ्यायची, हा नियम महासंघाच्या कोणत्या पुस्तकात आहे?"

"पुस्तकात नाही. अंगात असतो."

"म्हणजे लेखी नाही. मूळ चित्रण आहे?"

"रेडिओने पुसलं. त्यानेच सांगितलं मला."

"लेखी सांगितलं?"

रेडिओ त्या सकाळपासून आजारी रजेवर होता.

"पंचांचा जबाब आहे, ते पाठमोरे होते. मिस्त्री स्वतः फळ्यांना जबाबदार, त्यांचा जबाब कसा धरायचा? आणि तुमच्या स्मरणशक्तीबद्दल..." त्यांनी वाक्य अर्धवट सोडलं, सुशिक्षित लोक सोडतात तसं. "अहवाल बंद झालाय, रणगाडा. उद्याचा सामना नीट करा. लोक तुमच्या आवाजासाठी येतात."

बाहेर बुलडोझर रडत होता. मिस्त्री म्हणाला, "दादा, ती फळी मी आज काढतो. नोकरी गेली तर गेली."

"काढ. आणि कोपरा मोकळाच ठेव. वर गादी घालू नकोस. सगळ्यांना भोक दिसू दे."

६

शनिवारी दुपारी चारला स्टेडियम भरलं. रिंगच्या एका कोपऱ्यात गादी उचललेली होती आणि खाली काळा खड्डा दिसत होता. लोक माना वर करून बघत होते. पहिल्या सामन्याचे दोघं कुस्तीगीर रिंगकडे येणाऱ्या दारातच थांबले होते. पंच रिंगपर्यंत आला, त्या खड्ड्याकडे पाहिलं, शिट्टी गळ्यातून काढून दोरावर अडकवली आणि खाली येऊन समालोचकांच्या टेबलाशी उभा राहिला.

"मी पाठमोरा नव्हतो," तो रणगाड्याला म्हणाला. "सांगा तुम्ही. माझं नाव घेऊन सांगा."

रणगाड्याच्या कानातल्या यंत्रात दिग्दर्शक ओरडत होता. "दादा, सुरू करा. दादा, आपण थेट आहोत."

रणगाड्याने माईक जवळ ओढला.

"मंडळी, मी रणगाडा बोलतोय. बावीस वर्षं तुम्ही मला शिव्या दिल्यात, तो माझा धंदा होता, राग नाही. आज मी तुम्हाला सामना सांगणार नाही. समोर भोक दिसतंय? तिथली फळी तडकलेली होती. तिच्यावरून चिमणी पडली. चित्रण फिरवून सांगितलं गेलं की ती दुसरीकडून पडली, तिचीच चूक होती. पंच इथे माझ्या शेजारी उभे आहेत, ते सगळं बघत होते. मिस्त्रीने दोनदा सांगितलं होतं, ऐकलं नाही. आणि फिरवायचा हुकूम फोनवरून आला, समिती नेमायच्या आदल्या दिवशी."

"दादा, आवाज कापतोय मी," कानात दिग्दर्शक म्हणाला. आवाज कापला गेला नाही. कापणारा हातही कधीकाळी रिंगमध्ये पडलेला असावा, किंवा नुसता थिजला असावा.

"माझं डोकं मार खाल्लेलं आहे, हे अध्यक्षांनी मला दोनदा सांगितलं. मान्य आहे. मी उद्या हे विसरेन. परवा कदाचित तुमची नावंही विसरेन. म्हणून आज विचारतो, एवढ्या लोकांसमोर, म्हणजे बाकीच्यांच्या लक्षात राहील. बुधवारच्या आत त्या पोरीचं ऑपरेशन व्हायला हवं. वरच्या काचेच्या खोलीत तुम्ही पाचही जण बसलेले मला इथून दिसताय. मधल्या साहेबांनी आत्ता पडदा ओढायला हात वर केला, तोही दिसला. ओढू नका. खाली माईक मोकळा आहे, जिना तुमच्याच दाराशी आहे. या, आणि सांगा, फोन तुमच्यापैकी कोणी केला?"